ॲक्युपंक्चर आणि मेंदूचे स्कॅन : संशोधन वाचताना या चुका टाळा

‘सुई टोचली आणि मेंदूचा अमुक भाग उजळला’ अशा बातमीसोबतचे रंगीत चित्र म्हणजे उपचार लागू पडल्याचा पुरावा, असे मानणे ही सर्वांत मोठी चूक आहे. अशी चित्रे काढणारे एफएमआरआय हे स्कॅन यंत्र चेतापेशींचे काम थेट पाहत नाही. ते रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणात काही सेकंदांनी होणारा अल्पसा बदल टिपते, आणि रंग त्या बदलाच्या सांख्यिकी गणितातून भरले जातात. शिवाय कोणतीही सुई कुठेही टोचली तरी मेंदूला ते कळतेच. म्हणून तुलना कशाशी केली होती, हे आधी पाहावे.

या तुलनेचे महत्त्व एका प्रसिद्ध प्रकरणातून कळते. पायाच्या करंगळीच्या बाहेरील कडेवरचा, परंपरेने डोळ्यांच्या विकारांसाठी वापरला जाणारा बिंदू उत्तेजित केल्यास मेंदूतील दृष्टीचे केंद्र सक्रिय होते, असे झांग-ही चो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडले. निष्कर्ष इतका आकर्षक होता की तो वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला. पुढे 2006 मध्ये चो आणि काही सहलेखकांनी, बिंदू आणि मेंदूचा भाग यांच्या अशा नेमक्या जोडीशी आपण आता सहमत नाही, असे सांगून तो मागे घेतला. तरीही त्याचा दाखला देणारे लेख आजही भेटतात. म्हणून जुना शोधनिबंध वापरण्यापूर्वी तो मागे घेतला गेला आहे का, हे जरूर तपासावे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे : स्कॅनमधला फरक म्हणजेच वेदनेतला फरक समजणे. रिचर्ड हॅरिस यांच्या गटाने 2009 मध्ये फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा विकार) असलेल्या 20 स्त्रियांचा पेट (PET) स्कॅनने, म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावलेल्या पदार्थाचा माग घेणाऱ्या तपासणीने, अभ्यास केला. खऱ्या ॲक्युपंक्चरने मेंदूतील ओपिऑइड ग्राहींची (वेदनाशामक रसायने ज्यांना चिकटतात त्या रेणूंची) बंधनक्षमता वाढली, बनावट उपचाराने (तुलनेसाठी केलेल्या, खऱ्यासारख्या भासणाऱ्या उपचाराने) तशी वाढली नाही. वेदना मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली. समर्थक यातला पहिला भाग सांगतात, विरोधक दुसरा. माझ्या मते हे दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय या अभ्यासाचा अर्थच लागत नाही.

रुग्णाला नेमके काय जाणवले, याची नोंद नसेल तर सरासरी फसवी ठरते. कॅथलीन हुई यांच्या 2005 च्या अभ्यासात ‘देची’ ही जडपणाची, ठणकल्यासारखी संवेदना झाली तेव्हा लिंबिक भागातील (भावनांशी निगडित मेंदूच्या भागातील) संकेत घटले, आणि तीक्ष्ण कळ आली तेव्हा ते वाढले. तसेच सुईचा परिणाम नंतरही रेंगाळत असल्यामुळे टोचणे आणि विश्रांती आलटून-पालटून मोजणाऱ्या आराखड्यात ती ‘विश्रांती’ खरी विश्रांती उरत नाही.

स्कॅनमधील मेंदूच्या हजारो सूक्ष्म ठिकाणांची एकाच वेळी सांख्यिकी चाचणी करताना आकडेवारीत दुरुस्ती केली नाही, तर मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही ‘सक्रिय’ ठिपके दिसतात. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे दाखवून दिले.

स्कॅनसोबत शरीरातील स्वतंत्र मोजमाप असलेले अभ्यास शोधावेत. कार्पल टनेलच्या (मनगटात मज्जातंतू दाबला जाण्याच्या विकाराच्या) 80 रुग्णांवरील 2017 च्या चाचणीत त्रास बनावट उपचारानेही घटला, पण मनगटातील मज्जातंतूचे संवहन (संकेत वाहून नेण्याची क्षमता) खऱ्या ॲक्युपंक्चरनेच सुधारले. आणि ज्यांच्या मेंदूतील बोटांचा नकाशा (प्रत्येक बोटाची संवेदना नोंदवणाऱ्या जागांची मांडणी) अधिक स्पष्ट झाला, त्यांचा आराम तीन महिन्यांनंतरही टिकण्याची शक्यता जास्त आढळली.