लेक मलावीला आली की तिला काय दाखवावं

आमची लेक गेल्या जुलैत पहिल्यांदा मलावीला आली, तेव्हा आम्हाला इथे येऊन नऊ वर्षं झाली होती. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स. माझे मिस्टर खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलजनांना शिकवतात. आम्ही निघालो तेव्हा ती अकरावीत होती, म्हणून तिला नगरला माझ्या आईकडे ठेवलं. आता ती पुण्यात नोकरी करते. आफ्रिकेत सेवेला असलेल्या आणखी दोन-तीन घरांत मुलं येणार आहेत आणि मला सारखं विचारणं होतं, म्हणून हे लिहिते.

महिना नीट निवडा. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे; खेड्यांकडचे मातीचे रस्ते तेव्हा चिखलात जातात. मे ते ऑगस्ट कोरडे असतात आणि जून-जुलैत रात्री चांगलीच थंडी पडते. आफ्रिका म्हणून मुलं नुसते सुती कपडे आणतात, त्यांना स्वेटर आणायला सांगा. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीत बदलायचं असेल तर यलो फिव्हरची लस निदान दहा दिवस आधी घेऊन पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायला लावा. भारतात परतताना ते मागतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या इथे येण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परत गेल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्या लागतात. मधेच सोडू देऊ नका.

पहिले दोन दिवस कुठेही नेऊ नका. हे मी फार कळकळीने सांगते. आपल्याला वाटतं, एवढ्या लांबून आली आहे, तर लगेच सरोवर दाखवू, हत्ती दाखवू. पण मुलांना आधी बघायचं असतं ते आपलं रोजचं जगणं: आई सकाळी कुठल्या वाटेने जाते, पाणी कुठून येतं, वीज गेली की काय करतात. इथे घंटी वाजवत नाहीत, दाराबाहेरून ‘ओडी!’ म्हणून हाक मारतात. मुलीला तेवढा एक शब्द, ‘मुली ब्वांजी’ म्हणजे कशा आहात, आणि ‘झिकोमो’ म्हणजे आभार, एवढं शिकवा. कुणी काही दिलं तर उजव्या हाताने घ्यायचं आणि डावा हात उजव्याला लावायचा, हेही दाखवा. मग तिला शेजारी एकटीला पाठवा.

इथे आईला मुलाच्या नावाने ओळखतात. नऊ वर्षं मला सगळे माझ्या लेकीच्या नावापुढे ‘अमाके’, म्हणजे अमकीची आई, असं लावूनच हाक मारत आले. ते नाव जिचं, तिला पाहायला पहिल्याच संध्याकाळी अंगण भरलं. तिला हे मी कधी सांगितलंच नव्हतं. ती आत येऊन म्हणाली, “आई, इथे रोज माझं नाव घेतात?” त्यापुढे कुठलंही सरोवर फिकं पडलं असतं.

दवाखाना दाखवताना वॉर्डातून फिरवून प्रदर्शन करू नका, रुग्णांचे फोटो तर मुळीच नकोत. आमच्याकडे रुग्णासोबत आलेले नातेवाईक दवाखान्याच्या आवारातच चुली मांडून रांधतात. लेकीला तिथे बायकांमध्ये बसवलं. त्यांनी तिला न्सिमा ढवळायला दिला. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा हा पदार्थ आपल्या घट्ट उकडीसारखा. जेवणाआधी तांब्याने हातावर पाणी घालतात, मग उजव्या हाताने गोळा करून भाजीला किंवा ‘उसिपा’ नावाच्या बारीक माशाला लावून खातात. सुकट खाल्लेल्या माणसाला उसिपा परका वाटत नाही.

रविवारची उपासना लांब चालते आणि पाहुण्याला उभं राहून ओळख द्यावी लागते. हे आधी सांगून ठेवा. माझी इथे चूक झाली. लेकीला न विचारता मी मंडळीला शब्द दिला होता की ती साक्ष देईल, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल बोलेल. ती उभी राहिली, नाव सांगितलं आणि बसली. घरी येईपर्यंत बोलली नाही. मुलाचा विश्वास हा त्याचा आणि देवाचा विषय आहे. आपल्या सेवेचं फळ म्हणून त्याला उभं करू नका.

मग प्रवास. एक लांबची वाट पुरे. आम्ही राजधानी लिलाँग्वेहून सलिमामार्गे मुआला गेलो. तिथल्या जुन्या कॅथलिक मिशनमध्ये चेवा, न्गोनी आणि याओ लोकांच्या परंपरांचं संग्रहालय आहे, आणि गुले वाम्कुलू या मुखवट्यांच्या नाचातले शेकडो मुखवटे आहेत. मिशननेच ते जपले, हे मुलांनी बघावं. तिथून पुढे मलावी सरोवराकाठचं केप मॅक्लिअर. 1875 मध्ये स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी लिव्हिंग्स्टोनिया मिशन आधी इथे सुरू केलं. तापाने माणसं गेली, तेव्हा 1881 मध्ये डॉ. रॉबर्ट लॉज ते उत्तरेला बंदावेला घेऊन गेले. जे इथेच वारले त्यांची थडगी अजून आहेत.

तिथे घाई करू नका. आम्ही थडग्यांपाशी उभे होतो, आणि लेकीने विचारलं, “यांच्या आईवडिलांना कधी कळलं असेल?” मग बऱ्याच वेळाने म्हणाली, “तुम्ही गेलात तेव्हा मला फार राग आला होता.” माझे मिस्टर पाचारणाबद्दल, म्हणजे देवाने सेवेला बोलावल्याबद्दल, बोलायला लागले होते, मी त्यांचा हात धरला. अशा वेळी वचन सांगू नका, कारणं देऊ नका. ऐका. आम्ही अंधार पडेपर्यंत पाण्याकाठी बसलो आणि मुक्काम तिथेच केला, कारण रात्री गाडी चालवायचीच नाही. दिव्याविना सायकली, चालणारी माणसं, शेळ्या, सगळं रस्त्यावर असतं. पेट्रोल दिसेल तिथे टाकी भरा, पुढच्या पंपावर असेलच असं नाही.

काही चलनी नोटांवरचा चेहरा कुणाचा, हे मुलं विचारतात. तो जॉन चिलेंब्वे, स्वतः बाप्टिस्ट पाळक. मळेवाल्यांची वेठबिगार आणि महायुद्धात होरपळणारे आपले लोक पाहून 1915 च्या जानेवारीत त्याने उठाव केला आणि मारला गेला. मिशनचा इतिहास सांगताना हेही सांगा. मळेवालेही चर्चला जाणारेच होते, हे लपवू नका.

सरोवरात पोहणार असतील तर बिल्हार्झियाचं, म्हणजे पाण्यातून कातडीवाटे शरीरात शिरणाऱ्या कृमींच्या आजाराचं, औषध लक्षात ठेवा. कोवळ्या अळ्यांवर प्राझिक्वांटेल नीट चालत नाही, म्हणून ते पोहल्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून घ्यायचं. आणि परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी ‘मी आफ्रिकेतून आले आहे’ असं सांगून मलेरियाची तपासणी करून घ्यायची.

सातव्या आठवड्यात मी तिला औषधाची आठवण करायला फोन केला. म्हणाली, “घेतलं. पण आई, मक्याचं पांढरं पीठ मिळालं, न्सिमा करतेय, गाठी होतात. काय करू?” मी सांगितलं, आधी थोड्याच पिठाची पातळ पेज शिजवून घे, ती रटरटली की मग मूठमूठ पीठ घालत जा आणि हात थांबवू नकोस.