छातीतलं पाणी: टीबी म्हणण्याआधी कॅन्सर कसा शोधायचा (नव्या रेसिडेंटसाठी)

मुंबईच्या कुठल्याही म्युनिसिपल रुग्णालयात मेडिसिन किंवा चेस्टची पोस्टिंग लागली की पहिल्याच आठवड्यात छातीत पाणी झालेला पेशंट तुमच्या वाट्याला येतो. टॅप केला (सुईनं पाणी काढलं), प्रोटीन जास्त आलं, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आले, की हात आपोआप एकेटी (टीबीची औषधं) लिहायला जातो. पेशंट तरुण, ताप आहे, पाण्यातला एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) ७०च्या वर आहे, तर ते बहुतेकदा बरोबरही असतं. पण कॅन्सरचं पाणीही असंच लिम्फोसाइटनं भरलेलं असू शकतं. साठीच्या माणसाला एकेटी सुरू होते, पाणी काढल्यामुळे दम कमी होतो, दोन-तीन आठवडे बरं वाटतं आणि श्रेय गोळ्यांना मिळतं. पाणी पुन्हा भरून तो परत येतो, तोवर महत्त्वाचे आठवडे हातचे गेलेले असतात.

म्हणून सुरुवात हिस्ट्रीपासून. वजन किती उतरलं, विडी-तंबाखू किती वर्षं, हे सगळेच विचारतात. स्तनाच्या गाठीचं किंवा गर्भाशयाचं जुनं ऑपरेशन मात्र मुद्दाम विचारावं लागतं. दहा वर्षांपूर्वीचं दुखणं संपलं, असं समजून पेशंट ते सांगतच नाहीत. काम विचाराल तेव्हा आत्ताचं नको, पहिलं विचारा. मुंबईच्या दारूखाना भागात जहाजं तोडली का, बॉयलर किंवा पाइपवरच्या लेपाचं काम केलं का, अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात होता का? मेसोथेलिओमा (फुफ्फुसावरच्या आवरणाचा, म्हणजे प्लुराचा, कॅन्सर) अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आल्यावर वीस ते चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो, आणि आज तो माणूस वॉचमन असतो. मानेतल्या आणि काखेतल्या गाठी चाचपा. भरलेल्या वॉर्डात बाईंच्या स्तनांची तपासणी हमखास राहून जाते. पडदा लावून घ्या, सिस्टरना बोलवा, पण ती करा.

एक्स-रेमध्ये एक बाजू पूर्ण पांढरी असेल तर आधी श्वासनलिका कुठे आहे ते पाहा. एवढ्या पाण्यानं ती पलीकडे ढकलली जायला हवी. ती मध्येच किंवा त्याच बाजूला ओढलेली असेल, तर मोठी श्वासवाहिनी गाठीनं बंद झाली असावी किंवा मेडियास्टिनम (दोन फुफ्फुसांमधला भाग) जखडलेलं असावं. तिथे पाणी काढून फुफ्फुस उघडेलच असं नाही. जास्त काढायचा हट्ट धोक्याचा, ब्रॉन्कोस्कोपीचा (श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहण्याचा) विचार आधी.

टॅप सोनोग्राफीनं जागा पाहूनच करायचा, सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालायची, कारण नस आणि रक्तवाहिन्या बरगडीच्या खालच्या कडेला असतात. एका वेळी दीड लिटरपेक्षा जास्त काढू नका. त्याआधीच खोकला सुटला किंवा छाती आवळल्यासारखी वाटली तर तिथेच थांबा.

आता खरी चूक जिथे होते ती जागा: नमुना. लिटरभर पाणी बाटलीत जातं, बाटली सिंकमध्ये रिकामी होते आणि सायटोलॉजीला (पेशींच्या तपासणीला) जातात जेमतेम ५ मिली. पॅथॉलॉजीला ५० ते १०० मिली द्या आणि फॉर्मवर 'सेल ब्लॉक करावा' (पाण्यातल्या पेशी एकत्र करून मेणाचा ठोकळा) असं स्पष्ट लिहा. नुसत्या स्मिअरवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या तरी तो कुठला हे ठरवायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखणं) लागते, आणि ती सेल ब्लॉकवर नीट होते. फुफ्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमासाठी (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) टीटीएफ-१ आणि नॅप्सिन ए, मेसोथेलिओमासाठी कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१, स्तनासाठी गाटा-३, अंडाशयासाठी पॅक्स-८. ईजीएफआर, एएलके (औषध ठरवायला लागणारे जीन) यांच्या तपासण्याही त्याच ब्लॉकवर होऊ शकतात, म्हणजे पेशंटची दुसरी बायोप्सी वाचू शकते.

रक्ताळ पाणी गोठतं आणि पेशी गुठळीत अडकतात, म्हणून अँटिकोअ‍ॅग्युलंट असलेला डबा आधीच मागवून ठेवा. सायटोलॉजीच्या पाण्यात फॉर्मॅलिन घालू नका. नमुना नातेवाइकाच्या हाती देऊन पाठवणार असाल तर लॅब बंद व्हायच्या आत पोहोचेल ना, हे पाहा. नाहीतर फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा, टेबलावर रात्रभर नको. पेशींच्या मोजणीला ईडीटीए, ग्लुकोजला फ्लोराइड. पीएच हवा असेल तर ब्लड गॅसची हेपरिन लावलेली सिरिंज, हवा काढून लगेच. तीत लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) मिसळलं तर पीएच खोटा कमी येतो. लिम्फोमाची (लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरची) शंका असेल तर ताजं पाणी वेगळं काढून फ्लो सायटोमेट्रीला (पेशींचे प्रकार ओळखणाऱ्या तपासणीला) द्या. त्याच दिवशी रक्तातलं प्रोटीन आणि एलडीएच (आणखी एक एन्झाइम) हेही पाठवा, नाहीतर पाण्याचा प्रकार ठरवणारे लाइटचे निकष लावता येत नाहीत: पाणी आणि रक्त यांचं प्रोटीनचं गुणोत्तर ०.५च्या वर, एलडीएचचं ०.६च्या वर, किंवा पाण्यातलं एलडीएच रक्ताच्या नॉर्मल कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून जास्त, यांतलं एक जरी जुळलं तरी एक्झुडेट, म्हणजे टीबी, कॅन्सरसारख्या आजारानं पाझरलेलं पाणी.

सायटोलॉजीच्या फॉर्मवर नुसतं 'प्लुरल फ्लुइड' लिहू नका. वय, जुना कॅन्सर, व्यसन, सीटीत काय दिसलं, हे दोन ओळींत लिहिलं तर स्लाइड पाहणाऱ्याचे डोळे योग्य पेशी शोधतात. चिडलेल्या मेसोथेलियल (प्लुराच्या अस्तराच्या) पेशी कॅन्सरसारख्या दिसतात, त्यामुळे ही माहिती फार कामाची असते.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे कॅन्सर नाही, असं कधीच धरू नका. एका नमुन्यावर साधारण साठ टक्के केसेस सापडतात. अ‍ॅडेनोकार्सिनोमा जास्त, मेसोथेलिओमा खूपच कमी. दुसऱ्या नमुन्यानं थोडी भर पडते, तिसऱ्या-चौथ्यानं जवळजवळ नाहीच. 'अ‍ॅटिपिकल' किंवा 'सस्पिशस' हा शेरा म्हणजेही निदान नव्हे. जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आल्यानंही टीबी कटत नाही. एडीए ४०च्या खाली असेल तर मात्र टीबीची शक्यता बरीच कमी होते आणि कॅन्सर जोमानं शोधायला हवा. लिम्फोमामध्येही एडीए वाढू शकतो, हे लक्षात असू द्या. सीए-१२५ या कॅन्सरच्या मार्करवर भरवसा ठेवू नका. छातीत किंवा पोटात कसलंही पाणी झालं तरी तो वाढतो, टीबीतसुद्धा.

काँट्रास्ट सीटी शक्यतो सगळं पाणी काढून टाकण्याआधी करा, प्लुरा तेव्हाच नीट दिसतो. प्लुरावर गाठी, १ सेंटिमीटरहून जाड थर, फुफ्फुसाला चहूबाजूंनी वेढणारा थर, मेडियास्टिनमकडच्या बाजूलाही जाडी: यांतलं काही दिसलं तर तिसरा टॅप करत बसू नका, सरळ तुकडा मिळवा. जाड जागा सुईच्या टप्प्यात असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी पाहून बायोप्सी, नाहीतर थोरॅकोस्कोपी (छातीत दुर्बीण घालून पाहणं). तीत कॅन्सर सापडण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर जातं आणि त्याच वेळी टाल्कही (पाणी पुन्हा भरू नये म्हणून घालायची पूड) टाकता येतो. न बघता केलेली अ‍ॅब्रॅम्स सुईची बायोप्सी टीबीला बरी, कॅन्सर ठिकठिकाणी विखुरलेला असल्यानं तिला हुकतो. तुकडे घेताना डबे दोन ठेवा: हिस्टोपॅथॉलॉजीचे फॉर्मॅलिनमध्ये, टीबी कल्चर आणि जीनएक्स्पर्टचे नुसत्या सलाइनमध्ये. सगळे फॉर्मॅलिनमध्ये गेले की कल्चर संपलं.

निदान झाल्यावर बरेच पेशंट परळला टाटा मेमोरियलची वाट धरतात. तिथे नुसता रिपोर्ट पुरत नाही, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक पुन्हा तपासले जातात. डिस्चार्ज कार्डवर ब्लॉक नंबर लिहा आणि ब्लॉक कुठल्या खिडकीवर, कुठल्या वेळेत मिळतो, हे नातेवाइकांना कागदावर लिहून द्या.