शंका मनात असताना प्रार्थना कशी करावी

आधी शंका आणि अविश्वास वेगळे करा. बायबलमधल्या योहान 20 (म्हणजे योहान या पुस्तकाचा 20वा अध्याय; पुढचे संदर्भही बायबलचेच) मधला येशूचा शिष्य थोमा येशू पुन्हा जिवंत झाल्याचा पुरावा मागतो, पण शिष्यांतच राहतो; ही शंका. इब्री 3:12 देवाला सोडून जाणाऱ्या मनाला अविश्वासी म्हणतं. तिथे प्रश्न बुद्धीपेक्षा इच्छेचा आहे.

मग मार्क 9:14-29 सलग वाचा. पीडित मुलाला येशूकडे घेऊन आलेला बाप 24व्या वचनात विश्वासाची कबुली देतो आणि त्याच दमात अविश्वासावर मदत मागतो. येशू त्याला झिडकारत नाही, मुलगा बरा होतो. आपली शंका अशीच एका वाक्यात लिहा, मोठ्याने देवापुढे मांडा. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 13 घ्या: सहाच वचनं, सुरुवात थेट तक्रारीने.

बहुतेकांचं चुकतं ते हे, की भावना जागी होईपर्यंत प्रार्थनाच थांबवतात.