कोलकात्याला निघण्याआधी: मराठी माणसाची तयारीची यादी

पहिलं काम कॅलेंडर उघडायचं. पायी भटकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच बरा काळ, एरवी घामानं जीव नकोसा होतो. दुर्गापूजेला जायचं तर पूजेसाठीच जा, जुन्या इमारतींचा बेत त्यात घुसडू नका. आणि सोमवार टाळा. व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं, इंडियन म्युझियम, टागोरांची जोडासांकोची ठाकूरबाडी, सगळं सोमवारी बंद. मार्बल पॅलेस तर गुरुवारीही बंद, वर त्याचा पास पर्यटन खात्याकडून आधीच काढून ठेवावा लागतो. आत फोटो काढू देत नाहीत. तेव्हा सोमवार गाडीतच जाऊ द्या: मुंबईहून गीतांजली, पुण्याहून आझाद हिंद, दोन्ही हावड्याला सोडतात.

तिकिटं झाली की वाचायला बसा, आणि आपल्या बाजूनं वाचा. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक १६९० मध्ये सुतानुटीला उतरला, १६९८ मध्ये कंपनीनं सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे हक्क घेतले, एवढं कुठल्याही माहितीपुस्तकात सापडेल. (चार्नॉकला संस्थापक म्हणू नका. शहराला कोणी एक संस्थापक नाही, असं २००३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानंच सांगितलंय.) आपल्याला जास्त लागतं ते १७४२. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरल्या, आणि त्या धास्तीनं इंग्रजांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. तीनेक मैल खणून झाला. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवटच राहिला आणि पुढे बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड निघाला. आज त्याच रस्त्याला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रॉय यांची नावं आहेत. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे, तिचं ठिकाण नकाशावर आधीच खूण करून ठेवा. मात्र त्या स्वाऱ्यांत बंगालची लूट आणि जाळपोळ भरपूर झाली, तिथल्या अंगाईत आजही ‘बोर्गी’, म्हणजे मराठी स्वार, येतात. कोणाच्या घरी उतरणार असाल तर अटकेपार झेंड्याच्या गप्पा जरा आवरत्या घ्या.

बीबीडी बागेचा, म्हणजे जुन्या डलहौसी स्क्वेअरचा फेरा शक्यतो रविवारी सकाळी ठेवा. कचेऱ्यांची गर्दी नसते, मान वर करून बघता येतं. बाग बिनय, बादल आणि दिनेश यांच्या नावाची. ८ डिसेंबर १९३० रोजी ते समोरच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये घुसले आणि तुरुंग महानिरीक्षक सिम्पसनला त्यांनी गोळ्या घातल्या. पलीकडे पांढऱ्या घुमटाचं जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरी, १८६८ चं. त्याच्या पायऱ्यांवर पितळेची पट्टी शोधा: १७५६ मध्ये सिराजउद्दौल्यानं घेतलेला जुना किल्ला इथंच होता, ही त्याच्या भिंतीची रेघ. सहज पायाखाली जाते, म्हणून आधीच सांगितलं. तिथून चालत सेंट जॉन्स चर्च. आवारात चार्नॉकची अष्टकोनी कबर आहे. तिच्या दगडाला भूगर्भशास्त्रात त्याच्यावरूनच चार्नोकाइट म्हणतात.

पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला बंद बूट आणि डासांचं मलम लागेल. ती १७६७ ची. एशियाटिक सोसायटी काढणाऱ्या विल्यम जोन्सच्या कबरीवरचा उंच सुळका तिथं आहे.

आता मैदान, म्हणजे शहराच्या मधलं मोठं मोकळं पटांगण, आणि त्याच्या आसपासचं. राज्यपालांचं निवासस्थान गव्हर्नर जनरल वेलस्लीनं बांधून घेतलं, १८०३ मध्ये पुरं झालं. त्याच साली त्यानं शिंदे-भोसल्यांशी युद्ध काढलं. बहुधा फाटकाबाहेरूनच बघावं लागेल. जवळचा शहीद मिनार म्हणजे १८२८ चा ऑक्टरलोनीचा स्तंभ. यशवंतराव होळकरांच्या फौजेनं १८०४ मध्ये दिल्लीला वेढा घातला तेव्हा शहर राखणारा इंग्रज सेनानी तो हाच. व्हिक्टोरिया मेमोरियलला जो वेळ देणार असाल त्यातला तासभर इकडे वळवा, असं माझं स्पष्ट मत आहे. संगमरवर देखणा आहेच, पण तो १९२१ मध्ये खुला झाला, राजधानी दिल्लीला हलवायचं ठरल्यावर दहा वर्षांनी. फोर्ट विल्यम लष्कराच्या ताब्यात आहे, ऐन वेळी जाऊन आत सोडणार नाहीत. परवानगीची सोय होत असेल तर निघण्याआधीच लावा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. या किल्ल्याचं नाव अलीकडेच विजय दुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. त्याच्या सेंट जॉर्ज गेटला आता शिवाजी गेट म्हणतात. ज्यांच्या भीतीनं खंदक खणला, त्यांचं नाव वेशीवर लागायला पावणेतीनशे वर्षं गेली.

शेवटी फिरण्याचं. मेट्रोचं स्मार्ट कार्ड पहिल्याच दिवशी घ्या. हावडा मैदान ते एस्प्लनेड ही मेट्रो मार्च २०२४ पासून हुगळीच्या पात्राखालून जाते. ट्रामचा मात्र भरवसा धरू नका. घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये आली, विजेची १९०२ मध्ये, आणि आता मार्ग एकेक करून बंद होत आलेत. कोणता चालू आहे हे निघायच्या आठवड्यात विचारा, आणि चालू असेल तर पहिल्याच दिवशी बसून घ्या.