वाघाच्या शेजारचे गाव: शेळ्यांचा कोठा आणि शिकारीनंतरचे दोन दिवस

ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ दाटले, म्हणून मे 2023 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडल्या. अशी वाघीण नव्या जंगलात टिकणार की नाही, हे बरेचसे काठावरच्या गावांतल्या कोठ्यांवर ठरते. शेळी सहज मिळाली की बिबट काय, वाघ काय, गावाकडे वळतो. मग कुणीतरी चिडून मेलेल्या ढोरावर विष टाकतो आणि बछड्यांसकट सगळे कुटुंब जाते.

म्हणून आधी कोठा. बिबट बहुधा कूड आणि छपरामधल्या फटीतून शिरतो, नाहीतर कौले सरकवून उतरतो. नुसती उंच भिंत त्याला अडवत नाही, तो चढतो. वीस शेळ्यांना 10 बाय 20 फुटांचा कोठा पुरतो. लोखंडी अँगल 10 फुटांचे घ्या, 2 फूट काँक्रीटमध्ये गाडा आणि दोन अँगलमध्ये 6 फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. खाली विटांची 3 फूट भिंत, पाया फूटभर खोल. ही भिंत टाळून खर्च वाचवू नका: शेळ्या जाळीला टेकून बसतात आणि बाहेरून पंजा घालून त्यांचा पाय ओढला जातो. भिंतीच्या वर 2 इंची भोकांची, 10 गेज जाडीच्या तारेची चेनलिंक जाळी. तिची खालची कड भिंतीत दाबून घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी बिबटापुढे टिकत नाही. छपराच्या टिनाखालीही हीच जाळी ताणून बांधा.

सगळ्यात जास्त चुका दारात होतात. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, म्हणजे बाहेरून धक्का बसला की ते चौकटीवर आणखी घट्ट बसते. खालची फट 3 इंचांच्या आत ठेवा. वर एक, खाली एक अशा दोन कड्या लावा. दोरी बांधून भागत नाही. बिबट एकदा आत शिरला की एका शेळीवर थांबत नाही. शेळ्यांना पळायला वाट नसते, त्या धडपडत राहतात आणि जे हलते त्यावर तो झेप घेतो. एका रात्रीत दहा-पंधरा मरतात ते यामुळे. तो आत अडकलेला दिसला तर बाहेरून कडी लावा, गर्दी हटवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

कोठ्याभोवतीची 30 फुटांतली घाणेरी आणि बेशरमाची झुडपे उपटून टाका. कुत्रा बाहेर बांधू नका. बिबटाला कुत्रा आवडतोच.

चराईला ऊन वर आल्यावर निघा आणि 4 वाजेपर्यंत ढोरे आखरावर, म्हणजे गावाजवळच्या ढोरे जमवायच्या जागेवर, आणा. एकट्याने जाऊ नका. भाकड ढोरांचा मोठा कळप जंगलात सोडण्यापेक्षा एक दुभती गाय घरी बांधून नेपियर गवत घालणे परवडते. जंगलातले गवतही चितळांना राहते, आणि वाघाला चितळ मिळाले तर गावाचे बरे चालते.

तरीही ढोर मारले गेले, तर ते हलवू नका. वाघ उरलेले खायला बहुधा परत येतो. ओढून नेले तर तो नवे मारतो, शिवाय पंचनाम्यात पुरावा राहत नाही. गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा, ओढल्याची रेघ आणि पंजाचे ठसे यांचे फोटो दिवसाउजेडी, दोघा-चौघांनी मिळून काढा. ठशाशेजारी काडीपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो. 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवा. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे गाय, बैल, म्हैस गेली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यांतली कमी रक्कम मिळते; शेळीला हीच मर्यादा 15,000 रुपये आहे. पंचनामा होईपर्यंत आणि त्या रात्री तिकडे कुणालाही फिरकू देऊ नका, मोबाइल घेऊन जाणाऱ्या पोरांना तर मुळीच नाही.

धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) तारेत थेट लाइनचा करंट कधीच सोडू नका. त्याने वाघ मरतो, तसाच रात्री जागलीला, म्हणजे पीक राखायला, निघालेला शेजारीही मरतो. सौर कुंपणाची मशीन थांबून थांबून झटका देते, जीव घेत नाही. त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करा. तारेला टेकलेले गवत मात्र कापत राहा, नाहीतर झटका जमिनीत उतरतो आणि कुंपण नावालाच उरते.