पोलो 1.0 टीएसआयचे रिमॅपिंग करताना टॉर्क नेमका कुठे वाढवावा

फोक्सवॅगन पोलोमध्ये भारतात 2020 साली आलेल्या 1.0 लिटरच्या तीन सिलिंडर टीएसआय (टर्बो असलेल्या पेट्रोल) इंजिनाची ताकद 110 पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 175 न्यूटन-मीटर आहे. इंजिन चालवणाऱ्या संगणकातला प्रोग्राम, म्हणजे मॅप, बदलणे याला रिमॅपिंग म्हणतात. त्याच्या जाहिरातींत वाढीव टॉर्कचा सर्वोच्च आकडा सगळ्यांत ठळक छापलेला असतो आणि बहुतेक गाडीमालक तेवढाच बघून निर्णय घेतात. माझ्या मते या इंजिनासाठी तो निकषच चुकीचा आहे. टॉर्क किती वाढला यापेक्षा तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना (आरपीएम) वाढला, याला अधिक महत्त्व आहे.

याचा हिशेब सोपा आहे. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणून 7023 ने भागले की त्या फेऱ्यांना मिळणारी ताकद पीएसमध्ये निघते. त्यानुसार 5000 आरपीएमला 110 पीएस मिळत असतील, तर तिथे टॉर्क उतरून सुमारे 155 न्यूटन-मीटरवर आलेला असतो. तोच टॉर्क तिथे 190 वर टिकवून धरला, तर ताकद 135 पीएसपर्यंत जाते. आणि मॅन्युअल गाडीतला एमक्यू-200 गिअरबॉक्स साधारण 200 न्यूटन-मीटरसाठी बनवलेला असल्यामुळे त्याच्यावरही मर्यादेबाहेरचा ताण येत नाही. याउलट 2000 आरपीएमला 230 न्यूटन-मीटर काढले, तर मूळच्या 50 पीएसच्या जागी जेमतेम 65 पीएस हाती लागतात, आणि त्यासाठी क्लच, गिअर व कनेक्टिंग रॉड यांच्यावर सर्वाधिक भार टाकावा लागतो. शिवाय कमी फेरे आणि जास्त बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) या स्थितीत, स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांना असतो, आणि अशा एखाद्या स्फोटानेही पिस्टनला तडा जाऊ शकतो. म्हणून ट्यूनरला, म्हणजे रिमॅप करणाऱ्याला, आधीच स्पष्ट सांगावे, की 2500 आरपीएमच्या खाली टॉर्क मूळच्या आसपासच ठेवायचा आहे. हा धोका कमी करण्याची कसोटी एपीआय एसपी या ऑइल-मानकात आहे. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या ग्रेडमध्ये त्या मानकाचे ऑइल मिळत असेल तर तेच घालावे.

रिमॅपिंगपूर्वी गाडीची तब्येत तपासणे ओघाने आलेच. एअर फिल्टर, बूस्टच्या पाइपांचे जोड, कूलंटची पातळी आणि स्पार्क प्लग पाहून घ्यावेत. बूस्ट वाढल्यावर ठिणगी विझण्याची शक्यता वाढते, म्हणून प्लग नवे घालून त्यांचा गॅप किंचित कमी ठेवतात.

त्यानंतर मूळ मॅपवरच लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) घ्यावा, आणि हे काम डायनोवर (गाडी जागीच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवरच करावे, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे. तिसऱ्या गिअरमध्ये 2000 पासून 6000 आरपीएमपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मागितलेला व प्रत्यक्ष बूस्ट, इंधनाच्या रेलमधला (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) मागितलेला व प्रत्यक्ष दाब, लॅम्डा (हवा व इंधनाचे प्रमाण), आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि नॉकमुळे (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यामुळे) प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग (ठिणगीची वेळ) किती अंश मागे घेतले गेले, एवढे रकाने नोंदवावेत. एकाच सिलिंडरचे टायमिंग इतर दोघांपेक्षा सातत्याने जास्त मागे जात असेल, तर आधी त्याचा प्लग आणि कॉइल बघावी. वरच्या फेऱ्यांना रेलमधला दाब मागणीपेक्षा घसरत असेल, तर इंधन पुरवण्याची क्षमता तिथेच संपली असे समजून वाढ थांबवावी. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलवर ही मर्यादा लवकर येते. शुद्ध पेट्रोलला हवेचे प्रमाण 14.7 ला 1 लागते, तर ई-20 ला सुमारे 13.5 ला 1, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी 8 ते 9 टक्के अधिक इंधन पंपाला पुरवावे लागते. इथेनॉलमुळे नॉक कमी होतो हे खरे, पण पंपाची क्षमता त्यामुळे वाढत नाही. जे पेट्रोल रोज भरणार, त्याच पेट्रोलवर मॅप बसवून घ्यावा. 100 ऑक्टेनवर बसवलेला मॅप घेऊन साध्या पेट्रोलवर गाडी दामटणे इंजिनाला महागात पडते.

रिमॅप झाल्यावर तोच लॉग पुन्हा घेऊन दोन्ही शेजारी ठेवावेत. मूळ फाइल जपून ठेवणे आणि ती स्वतःच्या ताब्यात असणे मला अत्यावश्यक वाटते. वॉरंटी आणि विम्यावर होणारा परिणाम आधी विचारून घ्यावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) काढण्याचा सल्ला मिळाला, तर तो सरळ नाकारावा.

उष्णतेचा विचार आपल्याकडे सर्वांत कमी होतो. 35 अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली, की 70 टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती सुमारे 130 अंशांची होऊन बाहेर पडते. ही हवा थंड करणारा इंटरकूलर पाण्यावर चालणारा असेल आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या भागात) बसवलेला असेल, तर समोर मोठा इंटरकूलर लावणे सोपे नसते. अशा वेळी त्याच्या कूलंटचा वेगळा पंप नीट चालतो आहे ना, याची खात्री करणे जास्त उपयोगाचे. डिसेंबरात पुण्यात नॉक न दाखवणारा मॅप मे महिन्यात नागपूरच्या 45 अंशांत टायमिंग मागे घेऊ लागतो, म्हणून थंडीत रिमॅप करून घेतलेल्यांनी उन्हाळा लागताच पुन्हा एक लॉग घ्यावा आणि नॉकचे आकडे वाढलेले दिसले, तर ट्यूनरकडून बूस्ट थोडा उतरवून घ्यावा.