एडब्ल्यूएसचे व्हीपीसी एंडपॉइंट एपीआयने बनवताना: प्रायव्हेट डीएनएस सगळ्यात शेवटी

एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनचं क्लाउड, आणि व्हीपीसी म्हणजे त्यातलं तुमचं खासगी नेटवर्क. त्यातल्या प्रायव्हेट सबनेटमधल्या (इंटरनेटशी थेट न जोडलेल्या भागातल्या) सर्व्हरला सिक्रेट्स मॅनेजर (पासवर्ड वगैरे ठेवण्याची सेवा), एस३ (फाइल साठवण), ईसीआर (कंटेनर इमेजचा साठा) लागतात आणि ते ट्रॅफिक नॅट गेटवेतून (खासगी सर्व्हरना इंटरनेटवर नेणाऱ्या वाटेतून) बाहेर जाऊ द्यायचं नसतं. अशा वेळी व्हीपीसी एंडपॉइंट, म्हणजे त्या सेवेकडे जाणारं व्हीपीसीतलंच खासगी दार लागतं. कन्सोलवर क्लिक करून तो बनतो खरा, पण डेव्हमध्ये (चाचणीच्या सेटअपमध्ये) काय निवडलं होतं हे प्रॉडक्शनच्या वेळी कुणालाच आठवत नाही. म्हणून स्क्रिप्टच लिहा. खालचं सगळं बोटो३साठी, म्हणजे एडब्ल्यूएसचे एपीआय कॉल करणाऱ्या पायथॉन लायब्ररीसाठी आहे. क्रेडेन्शियल आणि परवानग्या तुमच्याकडे आहेत असं धरतो.

१. प्रकार ठरवा. एस३ आणि डायनॅमोडीबी (डेटाबेस सेवा) यांना गेटवे एंडपॉइंट. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त राउट टेबलचे (ट्रॅफिक कुठून जायचं ते ठरवणाऱ्या तक्त्यांचे) आयडी द्यायचे. बाकी सेवांना इंटरफेस एंडपॉइंट, ज्याला तुमच्या सबनेटमध्ये खासगी आयपी मिळतात. त्याचे पैसे दर अव्हेलेबिलिटी झोनमागे (स्वतंत्र डेटासेंटर गटामागे) तासाच्या हिशेबाने आणि शिवाय डेटाच्या जीबीवर लागतात. एस३लाही इंटरफेस प्रकार मिळतो, पण तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमधून खासगी वाटेने एस३ गाठायचं नसेल तर त्याच्या फंदात पडू नका.

गेटवे जोडताना एक काळजी घ्या. एस३शी चालू असलेली कनेक्शनं त्या क्षणी तुटू शकतात, तेव्हा मोठा बॅकअप चालू असताना हे करू नका. बकेट पॉलिसीत (एस३मधल्या साठ्याच्या परवानग्यांच्या नियमांत) पब्लिक आयपीची अट असेल तर तीही लागू पडणं बंद होते. तिच्या जागी एंडपॉइंटच्या आयडीची अट आधीच घालून ठेवा.

२. सेवेचं नाव हाताने टाइप करू नका, डिस्क्राइब-व्हीपीसी-एंडपॉइंट-सर्व्हिसेस या एपीआय कॉलच्या उत्तरातून उचला. ती सेवा कोणकोणत्या झोनमध्ये मिळते तेही तिथेच दिसतं. ईसीआरसाठी एक नाव पुरत नाही: एपीआयचा एक एंडपॉइंट, डॉकरचा एक आणि वर एस३चा गेटवे. इमेजचे लेअर एस३मधून येतात, म्हणून तो नसेल तर लॉगिन होतं आणि पुल (इमेज उतरवून घेणं) लटकतो.

३. एंडपॉइंटसाठी वेगळी सिक्युरिटी ग्रुप (फायरवॉलच्या नियमांचा संच) बनवा. तिच्यात व्हीपीसीच्या सीआयडीआरमधून (तिथल्या आयपी पत्त्यांच्या रेंजमधून) ४४३ पोर्टवर येणाऱ्या ट्रॅफिकला इनबाउंड परवानगी द्या. तुम्ही ग्रुप दिली नाही तर व्हीपीसीची डिफॉल्ट ग्रुप चिकटते, आणि ती मुळात फक्त त्याच ग्रुपमधल्यांना आत घेते. एंडपॉइंट ‘अव्हेलेबल’ दिसतो, एपीआय कसलीही तक्रार करत नाही, आणि सर्व्हर मात्र टाइमआउट होत बसतात. यावर ‘सगळ्या जगाला उघडं ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. सीआयडीआरचा एक नियम लिहायला मिनिटही लागत नाही.

४. आता क्रिएट-व्हीपीसी-एंडपॉइंट, पण प्रायव्हेट डीएनएस बंद ठेवून. सगळ्यात जास्त वेळ माझा या टप्प्यावर गेला आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा. प्रायव्हेट डीएनएस चालू केलं की त्या सेवेचं नेहमीचं नाव अख्ख्या व्हीपीसीत एंडपॉइंटच्या खासगी आयपीकडे वळतं. तुम्ही निवडलेल्या दोन सबनेटपुरतं नाही, सगळीकडे. आतापर्यंत नॅटमधून सुरळीत चाललेला, दुसऱ्याच टीमचा सर्व्हरही त्याच दाराशी येतो, आणि तुमच्या ग्रुपमध्ये त्याला जागा नसेल तर अडतो. यातली खरी मेख म्हणजे हे लगेच कळत नाही. आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं जुन्याच वाटेने चालू राहतात, आणि नवी जोडली जातील तशी एकेक सेवा पडू लागते. तोवर तुम्ही दुसऱ्या कामाला लागलेले असता आणि खापर भलत्याच डिप्लॉयमेंटवर फुटतं.

म्हणून प्रायव्हेट-डीएनएस-एनेबल्ड हे पॅरामीटर स्पष्टपणे फॉल्स लिहा, डिफॉल्टवर सोडू नका. क्लायंट टोकनही (दर वेळी तीच ठरावीक खूण) द्या, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच तुटून पुन्हा चालली तरी दुसरा एंडपॉइंट बनत नाही. मग स्टेट ‘अव्हेलेबल’ होईपर्यंत काही सेकंदांच्या अंतराने डिस्क्राइब करत राहा.

डिस्क्राइबच्या उत्तरात डीएनएस एंट्रीज असतात. त्यातलं ‘व्हीपीसीई’ने सुरू होणारं नाव घ्या, बोटो३च्या क्लायंटला एंडपॉइंट-यूआरएल म्हणून द्या आणि खरोखर एक सिक्रेट वाचून बघा. ही चाचणी प्रत्येक सबनेटमधल्या एका तरी सर्व्हरवरून करा. टाइमआउट आला तर आधी सिक्युरिटी ग्रुप तपासा. अ‍ॅक्सेस डिनाइड आला तर नेटवर्क ठीक आहे, आयएएम (एडब्ल्यूएसची परवानग्यांची व्यवस्था) किंवा एंडपॉइंटची पॉलिसी बघा. हा फरक लक्षात ठेवलात तर निम्मी शोधाशोध वाचते.

५. सगळीकडून उत्तर आलं की मॉडिफाय-व्हीपीसी-एंडपॉइंटने प्रायव्हेट डीएनएस चालू करा. त्याआधी व्हीपीसीवर डीएनएस सपोर्ट आणि डीएनएस होस्टनेम्स दोन्ही चालू हवेत. त्याच सेवेचा जुना एंडपॉइंट त्या व्हीपीसीत हेच नाव धरून बसला असेल तर कॉल नाकारला जातो, म्हणून आधी व्हीपीसी आयडी आणि सेवेच्या नावाने फिल्टर लावून बघा. काही बिघडलंच तर त्याच कॉलने फॉल्स करा.

नंतर सर्व्हरवर डिग (नावाचा आयपी दाखवणारी कमांड) चालवा. पब्लिक आयपीच येत असेल तर बहुतेक वेळा व्हीपीसीला तुमचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर लावलेला असतो. त्यावरून ही नावं अ‍ॅमेझॉनच्या रिझॉल्व्हरकडे (व्हीपीसीतल्या मूळ डीएनएस सर्व्हरकडे) फॉरवर्ड करावी लागतात. १०.०.०.०/१६ या व्हीपीसीत तो १०.०.०.२ वर असतो. पीअरिंगने जोडलेल्या दुसऱ्या व्हीपीसीला हे खासगी नाव आपोआप मिळत नाही, तिथे वेगळी प्रायव्हेट होस्टेड झोन (खासगी डीएनएस नोंदींचा संच) लागते.

६. पॉलिसी. एंडपॉइंटमधून कोण काय करू शकतो हे ठरवणारी सुरुवातीची पॉलिसी सगळ्यांना सगळं करू देते. चाचणीपुरती ती चालेल, पण प्रॉडक्शनमध्ये तशीच ठेवू नका. निदान तुमच्या अकाउंटपुरती तरी मर्यादित करा.

७. काढून टाकताना डिलीट-व्हीपीसी-एंडपॉइंट्सला आयडींची यादी द्यायची. यादीतला एखादा एंडपॉइंट निघाला नाही तरी कॉल यशस्वी म्हणून परत येऊ शकतो आणि बोटो३ एक्सेप्शन फेकत नाही. न निघालेले आयडी उत्तरातल्या ‘अनसक्सेसफुल’ यादीत असतात. ती रिकामी नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा, नाहीतर इंटरफेस एंडपॉइंटचं तासाचं मीटर चालूच राहतं.